उत्तनचें घर कोणत्या रकान्यांत? – दुहेरी उपयोगाच्या मिळकती व त्यांवरील कर्जांचें वर्गीकरण

ठाणें जिल्ह्याच्या पश्चिम टोंकास, वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, धारावी नांवाचें बेट आहे. त्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र व दक्षिणेस मनोरीची खाडी. उत्तन हें या बेटावरील मोठें गांव. डोंगरी, पाली, चौक हीं त्याच्या शेजारचीं. गोराई व मनोरी हीं गांवें त्याच बेटावर असून आज मुंबई उपनगर जिल्ह्यांत मोडतात, त्यामुळें एका बेटाचे कागद दोन कलेक्टर-कचेऱ्यांत विभागले गेले आहेत. मुंबई शहरांतील धारावी व तेथील काळा किल्ला हीं निराळीं. १७३९ मध्यें वसई पडण्यापूर्वीं मराठ्यांनीं घेतलेला धारावीचा किल्ला तो या उत्तनच्या बेटावरील होय. या दोन धारावींची गल्लत होण्याचा संभव फार, म्हणून आरंभींच हें सांगून ठेवणें बरें.

उत्तनच्या किनाऱ्यावरील कोळ्याचें घर पाहिलें असतां तें नुसतें राहण्याचें घर नव्हे हें तेव्हांच ध्यानांत येतें. ओटीवर जाळीं पडलेलीं, खालच्या खोलींत होडीचें सामान, अंगणांत किंवा पलीकडच्या मोकळ्या जागेंत बोंबील सुकविण्याच्या वलांडी. वर किंवा आंत कुटुंबाचें बिऱ्हाड. कोठें रस्त्याकडील खोलींत लहानसें दुकान असतें, कोठें एखादी खोली भाड्यानें दिलेली असते. एकाच छपराखालीं राहणें, धंदा व भाडें असे तीन उपयोग नांदतात, आणि घरच्या माणसांस त्यांत कांहींच विसंगत वाटत नाहीं. अडचण पडते ती घर कागदावर मांडणाऱ्यास. त्याच्या हातीं एक तक्ता असतो, तक्त्यांत रकाने असतात, आणि घर एक असतें.

आज ही अडचण मुख्यतः बँकेस पडते. असें घर गहाण ठेवून कर्ज दिलें तर तें 'गृहकर्ज' म्हणून दाखवावें, 'धंद्याचें कर्ज' म्हणून दाखवावें, कीं बँकेच्या बोलींत ज्यास 'कमर्शियल रिअल इस्टेट' म्हणजे व्यापारी स्थावर म्हणतात त्या सदरांत घालावें, हें ठरवून तिला रिझर्व्ह बँकेकडे विवरण पाठवावें लागतें. हा विषय जुन्या कागदांच्या अभ्यासकांस परका वाटेल. परंतु विचार केला असतां हाच प्रश्न याच बेटावर पोर्तुगीज, मराठे व इंग्रज या तिन्ही अंमलदारांपुढें होता, व प्रत्येकानें तो निराळ्या रीतीनें सोडविला, असें दिसून येईल. तक्त्यांतील रकाना हा घराचें वर्णन नसून तक्ता मागविणाऱ्याच्या नियमाचा परिणाम असतो, हें एकदां मनांत ठसलें म्हणजे जुने कागद वाचतांना होणाऱ्या कांहीं चुका टळतील. एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

गुजराथचा सुलतान बहादुरशाह यानें १५३४ च्या डिसेंबरांत वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगीजांस दिला. पुढें वीस वर्षांनीं, १५५४ मध्यें, सिमांव बोतेल्यो यानें त्यांच्या हिंदुस्थानांतील मुलखाच्या उत्पन्नाचा 'तोंबु' तयार केला. तो लिमा फेल्नेर यानें १८६८ मध्यें छापून प्रसिद्ध केला असल्यामुळें आपणांस उपलब्ध आहे. त्यांत वसईकडील जमाखर्च फेदिया, परदांव व भाताचे मुडे या मापांनीं दिला आहे. पोर्तुगीज राज्यकर्ते गांवच्या गांव ठराविक वार्षिक देण्यावर, म्हणजे 'फोर' ठरवून, एखाद्या इसमास देत. पुष्कळदां ही देणगी तीन हयातींपुरती असे व तिच्यामागें लष्करी चाकरीची अट असे. या पद्धतींत नोंद होते ती धारकाची व देण्याची. गांवांत भात किती, मीठ किती, मासळी किती, कोणत्या घरांत दुकान आहे, याची चौकशी सरकारास करण्याचें फारसें कारण नव्हतें. ती फोर भरणाऱ्या धन्यानें करावयाची. म्हणून पोर्तुगीज नोंदींत एखाद्या गांवापुढें एकच रक्कम दिसली तर तेथें एकच धंदा चालत असे, असें अनुमान काढणें चुकीचें होईल. सगळे उपयोग त्या एका रकमेच्या पोटांत आहेत. तक्त्यानें ते विचारलेले नाहींत.

मराठ्यांनीं साष्टी १७३७ मध्यें घेतली व १७७४ च्या अखेरीस ती इंग्रजांकडे गेली. १७८२ च्या सालबाईच्या तहानें तो ताबा कायम झाला. म्हणजे मराठी अंमल अवघा सदतीस वर्षांचा. त्याच्या कागदांचा मोठा सांठा पुण्याच्या पेशवे दफ्तरांत आहे, आणि वसईच्या मोहिमेच्या दृष्टीनें तो अनेकांनीं चाळला आहे. लढाईचीं पत्रें आधीं छापलीं जातात व हिशेबी कागद मागें राहतात, ही आपल्या संशोधनाची जुनी खोड आहे. प्रस्तुत लेखकहि तिला अपवाद नाहीं. वास्तविक मराठी हिशेबपद्धतींत आपल्या प्रश्नाचें उत्तर फार सुरेख सांपडतें. गांवच्या जमाबंदींत जमिनीचा सारा ही 'ऐन जमा'. तिच्याबाहेरील किरकोळ बाबी 'शिवाय जमा'. मालाच्या जाण्यायेण्यावर 'जकात'. आणि घरें, दुकानें, माग, घाणे व कसबी लोक यांवरचा कर तो 'मोहतर्फा'. मोल्सवर्थनेंहि आपल्या कोशांत हा शब्द शेतीखेरीज इतर धंद्यांवरील करांचें सर्वसामान्य नांव म्हणून दिला आहे. मूळ अरबी शब्दाचा रोंख हुन्नरी माणसाकडे आहे, वास्तूकडे नव्हे, हें येथें लक्षांत घेण्यासारखें आहे.

या पद्धतींत दुहेरी उपयोगाची मिळकत ही अडचण उरतच नाहीं. शेत करणारा कुणबी घाणाहि चालवीत असेल तर शेताबद्दल तो ऐन जमेंत येतो व घाण्याबद्दल मोहतर्फ्यांत येतो. माणूस एक, नोंदी दोन. 'हा मुख्यतः शेतकरी कीं मुख्यतः तेली?' असा प्रश्न कारकुनास पडतच नाहीं. त्यास दोन्ही येणीं वसूल करावयाचीं असतात. यामुळेंच मोहतर्फ्याच्या यादींतील नांवें व शेतकऱ्यांच्या यादींतील नांवें यांची बेरीज करून गांवची लोकसंख्या काढण्याचा मोह टाळला पाहिजे. तींच माणसें दोनदां मोजलीं जातात. असल्या बेरजा छापील पुस्तकांतहि आढळतात आणि त्यांवर मोठमोठे सिद्धांत उभारलेले असतात.

इंग्रजी अंमलांत प्रथम मोहतर्फा गेला. १८४४ च्या १९ व्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील शहरजकाती व धंद्यांवरील कर बंद झाले. त्या सालानंतर गांवच्या वसुली कागदांतून दुकानदार व कारागीर एकाएकीं नाहींसे होतात. गांवचे धंदे बुडाले असें याचें कारण नव्हे; रकाना बुडाला. कारागिरांच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिणारांनीं हें साल भिंतीवर लिहून ठेवावें. ऱ्हास झाला नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं, पण तो या कागदांवरून सिद्ध होत नाहीं.

पुढें १८७९ चा जमीनमहसुलाचा कायदा आला. त्याच्या ४८ व्या कलमानें आकारणीसाठीं जमिनीच्या उपयोगाचे वर्ग पाडले : शेती, इमारत, व इतर काम. शेतीची म्हणून आकारलेली जमीन दुसऱ्या कामीं लावावयाची तर ६५ व्या कलमाप्रमाणें कलेक्टरची परवानगी हवी. हीच मांडणी पुढें १९६६ च्या महाराष्ट्र जमीनमहसूल अधिनियमांत उतरली, आणि 'बिनशेती' हा शब्द मराठींत घरोघर गेला. येथें प्रथमच उपयोग हा जमिनीचा गुण ठरला. मराठी कारकून माणसाच्या धंद्यावर कर घेई. इंग्रजी सर्व्हे जमिनीच्या तुकड्यास नांव देई. एका तुकड्यास एक नांव मिळालें कीं त्यांतील दुसरा उपयोग कागदाबाहेर जातो किंवा गुन्हा ठरतो. उत्तनसारख्या गांवांत तर आणखी एक गोष्ट झाली. कोळ्यांचीं घरें गांवठाणांत, आणि गांवठाणांतील घराच्या जागेस बहुधा शेतसारा नसे. ज्यावर सारा नाहीं त्याचें वर्णनहि नाहीं. यामुळें शेतांची तपशीलवार हकीकत ज्या दफ्तरांत मिळते त्याच दफ्तरांत त्या घरांबद्दल जवळजवळ मौन आढळतें.

याच काळांतील दुसरी एक बाब जुने कागद जमविणारांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यांत ५८ व्या कलमांत गहाणाचे प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं एकांत केवळ मालकीचे दस्तऐवज सावकाराच्या हातीं ठेवून गहाण पुरें होतें. गहाणखत लिहावें लागत नाहीं, नोंदवावेंहि लागत नाहीं. आरंभीं ही मुभा कलकत्ता, मद्रास व मुंबई यांसारख्या शहरांपुरती होती. परंतु अट दस्तऐवज कोठें ठेवला याची आहे, मिळकत कोठें आहे याची नव्हे. साष्टींतील जमिनीचे कागद मुंबईस आणून ठेवले कीं गहाण झालें. म्हणून नोंदणी कचेरींत गहाणखत नाहीं यावरून मिळकत मोकळी होती असें म्हणतां येत नाहीं. उलट, जुनीं खरेदीखतें एखाद्या बँकेच्या किंवा पेढीच्या रुमालांत कां सांपडतात, याचा उलगडा येथें होतो.

बँकांकडे वळूं. रिझर्व्ह बँकेचा कायदा १९३४ चा. तिचें काम १ एप्रिल १९३५ रोजीं सुरू झालें. १९४९ च्या बँकिंग कायद्यानें तिला बँकांकडून विवरणें मागविण्याचा, त्यांची तपासणी करण्याचा व त्यांस आदेश देण्याचा अधिकार दिला. सहकारी बँकांस हा कायदा १ मार्च १९६६ पासून लागू झाला. ही तारीख आपल्या भागास महत्त्वाची आहे, कारण येथील लहान माणसाचें कर्ज पुष्कळ अंशीं सहकारी संस्थांनीं पुरविलें. उत्तनहून खाडीपलीकडे वसईस १९१८ मध्यें निघालेली, पुढें बॅसिन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून प्रसिद्धीस आलेली संस्था हें त्याचें ठळक उदाहरण. १९६६ पूर्वींच्या अशा संस्थांचे हिशेब सहकार खात्याच्या नमुन्यांत आहेत व नंतरचे रिझर्व्ह बँकेच्याहि नमुन्यांत. दोहोंतील सदरें जुळविण्याचा खटाटोप करण्यापूर्वीं हें पाहावें.

बँकांच्या कर्जांचीं विवरणें अनेक, व प्रत्येकाचा हेतु निराळा. १९७२ पासून चालू झालेल्या मूलभूत सांख्यिकी विवरणांत प्रत्येक मोठ्या खात्यास कर्जदाराच्या व्यवसायाचा अंक घालतात. येथें नजर माणसावर, म्हणजे मोहतर्फ्याच्या कारकुनाप्रमाणें. दरमहा प्रसिद्ध होणाऱ्या क्षेत्रवार कर्जाच्या तक्त्यांत 'घरें' ही ओळ व्यक्तिगत कर्जांखालीं येते व 'व्यापारी स्थावर' ही सेवांच्या सदराखालीं. वार्षिक हिशेबांच्या टिपांत बँकेस स्थावर क्षेत्रांत आपलें किती देणें गुंतलें हें जाहीर करावें लागतें. त्या नमुन्यांत निवासी गहाणें एकीकडे, व कचेऱ्या, दुकानें, अनेक कामांच्या व्यापारी इमारती, गोदामें, हॉटेलें, जमीन-विकास वगैरेंच्या तारणावरील कर्जें दुसरीकडे, अशी वांटणी केलेली आहे. ही वांटणी तारणाच्या जातीवर आहे, म्हणजे सर्व्हेवाल्याची. एकच कर्ज एका विवरणांत धंद्याच्या नांवानें व दुसऱ्यांत इमारतीच्या नांवानें येऊं शकतें, आणि दोन्ही विवरणें आपापल्या ठिकाणीं खरीं असतात.

तिसरी कसोटी २००९ मध्यें आली. त्या वर्षीं ९ सप्टेंबर रोजीं रिझर्व्ह बँकेनें व्यापारी बँकांसाठीं परिपत्रक काढून व्यापारी स्थावराची व्याख्या बांधून दिली. तिचा पाया बाझल येथील आंतरराष्ट्रीय समितीच्या २००४ च्या नियमांत होता. कसोटी अशी : कर्जाची फेड, आणि कर्ज थकल्यास वसुली, मुख्यतः त्या मिळकतीच्याच भाड्यांतून वा विक्रींतून व्हावयाची असेल तर तें व्यापारी स्थावर, फेड अन्य उत्पन्नांतून होणार असेल तर नव्हे, मग तारण म्हणून तीच इमारत असली तरी हरकत नाहीं. परिपत्रकास जोडलेलीं उदाहरणें कोणत्याहि जुन्या निवाडपत्राइतकीं वाचनीय आहेत. बांधून विकणारास किंवा भाड्यानें देणारास इस्पितळ, नाटकगृह वा शीतगृह बांधण्यासाठीं कर्ज दिलें तर तें व्यापारी स्थावर. तेंच इस्पितळ, तेंच हॉटेल, किंबहुना केशकर्तनालय, स्वतः चालविणारास त्यासाठीं कर्ज दिलें तर नव्हे, कारण फेड धंद्याच्या कमाईंतून व्हावयाची. एखाद्यानें भाड्यानें देण्यासाठीं घरें घेतलीं तर दोन घरांपर्यंत तीं गृहकर्जें. तिसऱ्यापासून पुढें व्यापारी स्थावर.

आतां उत्तनच्या त्या घराकडे परत या. समजा, घराची खालची बाजू वाढविण्यासाठीं मालकानें कर्ज काढलें. तेथें तो स्वतः मासळी सांठवितो व विकतो, फेड त्या धंद्यांतून होते; २००९ च्या कसोटीनें हें धंद्याचें कर्ज. केवळ राहण्याची खोली बांधली व फेड कुटुंबाच्या कमाईंतून होत असेल तर गृहकर्ज. तीच बाजू पुरी करून दुसऱ्यास दुकानासाठीं दिली व फेड त्या भाड्यावरच अवलंबून राहिली, तर व्यापारी स्थावर. भिंती त्याच, छप्पर तेंच, मालकहि तोच. बदललें आहे तें पैसा कोठून येतो हें, आणि तें पाहण्यास बँकेच्या कारकुनानें घर न पाहतां घरच्या माणसाशीं बोललें पाहिजे. प्रस्तुत लेखकाच्या मतें ही कसोटी सर्व्हेच्या कसोटीहून खऱ्यास अधिक जवळची आहे. तिच्यांत दोष असेल तर 'मुख्यतः' या शब्दांत. कोळ्याच्या घरीं मासळीचा पैसा, नोकरीचा पगार व खोलीचें भाडें हीं एकाच डब्यांत पडतात. मुख्य कोणतें हें पुष्कळदां हंगामावर ठरतें. अमेरिकेंतील नियामकांनीं आपल्या विवरणांत हा घोळ आंकड्यानें तोडला आहे : धंद्याच्या इमारतीवरील कर्जाची फेड निम्मी वा त्याहून अधिक बाहेरच्यांच्या भाड्यांतून होत असेल तर ती मालकाच्या वापरांतील इमारत म्हणावयाची नाहीं. आपल्याकडील परिपत्रकानें असा आंकडा न घालतां बँकेच्या विवेकावर भिस्त ठेविली.

२००९ च्या परिपत्रकांतील एक तरतूद मराठी दफ्तराच्या वाचकास विशेष ओळखीची वाटेल. एकच कर्ज एकापेक्षां अधिक वर्गांत बसूं शकतें, कारण निरनिराळ्या वर्गीकरणांचे हेतु निराळे असतात, असें त्यांत मान्य केलें होतें. असें कर्ज ज्या ज्या वर्गांत बसेल त्या त्या वर्गाच्या मर्यादेंत मोजावयाचें. भांडवलाच्या हिशेबास मात्र त्यांतील सर्वांत जड भार लावावयाचा. म्हणजे मर्यादेपुरत्या दोन नोंदी व भांडवलापुरती एक. मोहतर्फ्याची रीत व सर्व्हेची रीत या दोहोंचा येथें एकत्र उपयोग केला आहे. परंतु वाचकास धोका तोच : दोन वर्गांचीं एकूणें एकत्र केलीं तर कांहीं कर्जें दोनदां मोजलीं जातील.

रकान्याची किंमत काय, हें न सांगतां पुढें जाणें योग्य नव्हे, नाहींतर हा सर्व कारकुनी वाद वाटेल. बँकेनें दिलेल्या प्रत्येक कर्जामागें तिला स्वतःचें कांहीं भांडवल राखावें लागतें. किती, हें त्या वर्गाच्या जोखीम-भारावर ठरतें. व्यापारी स्थावराचा भार रिझर्व्ह बँकेनें २००५ मध्यें शेंकडा १२५ व २००६ मध्यें १५० केला, आणि २००८ च्या अखेरीस पुन्हां १०० वर आणला. घरांचा व दुकानांचा भाव भडकला कीं भार वाढवावयाचा, बाजार मंदावला कीं उतरवावयाचा, असा तो प्रकार. जड रकान्यांतील कर्ज बँकेस महाग पडतें, म्हणून तें कर्जदारासहि महाग पडतें. नागरी सहकारी बँकांच्या बाबतींत घरें व स्थावर यांवरील एकूण कर्जांस मर्यादाहि घातलेली असते. मर्यादा भरत आली असतां कोणता अर्ज कोणत्या सदरांत पडतो यावर कर्ज मिळणें न मिळणें ठरतें.

भाईंदर, मिरा रोड या बाजूस गेल्या पन्नास वर्षांत जी वस्ती वाढली तिच्यांत खालीं रस्त्याच्या तोंडाशीं दुकानांची रांग व वर राहण्याचे मजले ही इमारतीची नेहमींची ठेवण आहे. अशी इमारत बांधणारास दिलेलें कर्ज २००९ च्या व्याख्येनें सबंध व्यापारी स्थावरांत जाई, कारण फेड विक्रींतून. २१ जून २०१३ रोजीं रिझर्व्ह बँकेनें त्यांतून निवासी गृहबांधणीचा एक पोटवर्ग काढला. त्याचा भार शेंकडा ७५ व चांगल्या खात्यांवरील तरतूद शेंकडा पाऊण. उरलेल्या व्यापारी स्थावरास भार १०० व तरतूद एक. मिश्र इमारतीसाठीं नियम असा घातला कीं प्रकल्पाच्या एकूण चटई क्षेत्रांत, म्हणजे परवानगीच्या बांधकाम-क्षेत्रांत, व्यापारी भाग शेंकडा १० हून अधिक नसेल तर सर्व कर्ज हलक्या पोटवर्गांत. १० च्या वर गेला तर सर्व कर्ज जड वर्गांत. वांटणी नाहीं.

याचा अर्थ हिशेब करून पाहावा. सर्व मजले सारख्या क्षेत्राचे धरले व तळमजला सबंध दुकानांचा धरला, तर तळमजला व वर सात मजले या इमारतींत व्यापारी भाग आठांत एक, म्हणजे साडेबारा टक्के. कर्ज जड वर्गांत. तळमजला व वर दहा मजले असतील तर अकरांत एक, म्हणजे नऊ टक्क्यांहून किंचित् अधिक. कर्ज हलक्या वर्गांत. दुकानें दोहींकडे तेवढींच. एक कोटी रुपयांच्या कर्जावर, भांडवलाचें किमान प्रमाण शेंकडा ९ धरून, पहिल्या इमारतीमागें बँकेस ९,००,००० रुपये भांडवल लागे व दुसरीमागें ६,७५,०००. तरतूद पहिलीची १,००,००० व दुसरीची ७५,०००. ठेंगण्या इमारतीचें दुकान जड व उंच इमारतीचें हलकें! हा नियम न्याय्य आहे असें कोणी म्हणणार नाहीं. तथापि इतिहासाच्या वाचकाच्या दृष्टीनें तो 'मुख्यतः' या शब्दाहून बरा, कारण इमारतीचा मंजूर नकाशा हातीं असेल तर रकाना आपणांसहि काढतां येतो. नियामकाचा विवेक मागें राहत नाहीं, आंकडा राहतो. १९ जून २०२५ रोजीं प्रकल्प-कर्जांसंबंधीं नवे निदेश निघाले व १ ऑक्टोबर २०२५ पासून बांधकाम चालू असेपर्यंतची तरतूद निवासी पोटवर्गास १ व इतर व्यापारी स्थावरास सव्वा टक्का झाली; म्हणजे त्याच इमारतीच्या कागदांत बांधकामापूर्वीं व नंतर निराळे आंकडे येणार.

उत्तन आज मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत आहे. २००२ मध्यें स्थापन झालेल्या या पालिकेची घरपट्टी आणखी चौथी रीत दाखविते. तींत एकाच वास्तूच्या भागांस निवासी व अनिवासी असे निराळे दर लागतात. दुकानाची खोली दुकान व शेजारची खोली घर. याप्रमाणें एका घराचे कागद जमविले तर महसुली दफ्तरांत तें गांवठाणाची जागा, पालिकेच्या यादींत अर्धें घर व अर्धें दुकान, बँकेच्या टिपांत निवासी तारण, आणि भांडवलाच्या हिशेबांत कदाचित् धंद्याचें कर्ज असें दिसेल. यांतील एकहि कागद बनावट नाहीं. दस्तऐवज परस्परविरोधी दिसले कीं एक खोटा ठरविण्याची घाई आपल्यांतील कित्येकांस असते. अशा वेळीं प्रत्येक कागदास आधीं त्याचा नियम विचारावा, व मगच त्यास साक्षीस उभा करावा.

२००९ व २०१३ या दोन तारखांसंबंधीं आणखी दोन शब्द. बँकांचे वार्षिक अहवाल घेऊन २००८ पासून २०१५ पर्यंत 'व्यापारी स्थावर' या सदराचे आंकडे एका ओळींत मांडले तर त्या ओळींत चढउतार दिसतील. त्यांतील किती बांधकामाचे व किती व्याख्येचे, हें परिपत्रकें जवळ असल्यावांचून सांगतां येणार नाहीं. परिपत्रकें तर फार लवकर नाहींशीं होतात. नवें निघालें कीं जुनें रद्द होतें, आणि रद्द कागद जपण्याची आस्था कचेरींत कोणास नसते. मोहतर्फ्याच्या सनदा व दरयाद्या अशाच गेल्या. वसुलीच्या याद्या राहिल्या, दर ठरविणारे कागद विरळा. आज आपणांस हजारों नांवांच्या याद्या वाचतां येतात व त्या यादींत नांव कां आलें हें कळत नाहीं, त्याचें कारण हें आहे.

म्हणून संग्राहक मित्रांस एक विनंति आहे. वसई, उत्तन, डोंगरी, पाली, गोराई या बाजूच्या सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल सभेनंतर रद्दींत जातात. त्यांची हिशेबी पानें, विशेषतः शेवटच्या टिपा, फाडून न टाकतां अहवालासकट ठेवाव्या व त्या वर्षींचीं परिपत्रकें त्यांच्याच रुमालांत बांधावीं. जुनीं गहाणखतें व खरेदीखतें मिळाल्यास मजकुराबरोबर पाठीवरचे शेरेहि उतरून घ्यावे. कर्ज कशासाठीं घेतलें व फेड कशांतून झाली, होडींतून, भातांतून कीं भाड्यांतून, याचा दाखला मिळालाच तर तो बहुधा पाठीवरच्या त्या दोन ओळींत मिळतो. आपल्या छापील संग्रहांत मात्र पाठीचा मजकूर देण्याची वहिवाट अद्याप पडलेली नाहीं.